स्टॉल लावावा की रील टाकावं?

घरी बसून काहीतरी करून विकणाऱ्या मैत्रिणींकडून हा प्रश्न मला दरवर्षी येतो. कुणी नोकरी सोडून मातीची भांडी घडवतेय, कुणी पिशव्या शिवतेय. हातात वीसेक हजार रुपये आहेत. ते प्रदर्शनातल्या टेबलाला घालावेत, की फोनचा स्टँड, दिवा आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीला? मी नऊ वर्षं जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते आणि दोन्ही मार्गांनी विकते. माझं मत आधीच सांगते: पहिली दोन वर्षं स्टॉल. पण ते सगळ्यांना लागू नाही, म्हणून जरा सविस्तर.

आधी पैशाचं. समजा, तीन दिवसांच्या प्रदर्शनाचं टेबलभाडं १२,००० रुपये. टेम्पो, जेवण, मदतीला एक मुलगी, कागदी पिशव्या धरून खर्च १८,००० पर्यंत जातो. एका गोधडीमागे १,२०० रुपये सुटत असतील, तर १५ गोधड्या गेल्यावर फक्त खर्च निघतो. एवढ्या मोठ्या वस्तू तीन दिवसांत खपतीलच असं नाही. म्हणून बाळाची दुपटी, बटवे, चष्म्याची पाकिटं असा कमी किमतीचा माल सोबत लागतोच.

इन्स्टाग्रामला भाडं नाही, त्यामुळे ते फुकट वाटतं. एका मिनिटाच्या रीलला माझे तीन तास जातात. खिडकीतलं ऊन बरोबर यावं लागतं, खाली चादर अंथरावी लागते, मग कापाकापी आणि मजकूर. आपण आपल्या तासाची मजुरी धरत नाही, तिथे हिशोब चुकतो. ती धरली की दोन्हीतला फरक बराच कमी होतो.

खरा फरक वेगळाच आहे. स्टॉलवर लोक विचारतात आणि तुम्ही उत्तर देता. रीलमध्ये कुणी काही विचारलेलं नसताना बोलावं लागतं. आपणच आपली टिमकी वाजवायची नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेल्या माणसाला ते फार जड जातं. मलाही गेलं. ‘सुंदर, टिकाऊ, हाताने शिवलेली’ यापलीकडे शब्दच सुचत नव्हते.

माझ्या पहिल्याच प्रदर्शनात साठीच्या एक बाई आल्या. गोधडीचा रंग त्यांनी पाहिलाच नाही. सरळ उलटी केली आणि मागच्या धावदोऱ्यावरून अंगठा फिरवत गेल्या. मग विचारलं, "आत काय घातलंय?" मी सांगितलं: एक इरकल, दोन सुती नऊवारी, आजोबांचं एक धोतर. त्यांनी गोधडी मांडीवर घेतली आणि पाच मिनिटं तशाच बसल्या. त्यांनी ती विकत घेतली नाही. पण त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्याला सुती पट्टी शिवलेली असते आणि तिच्यावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं. आज लोक माझी गोधडी त्या पट्टीवरून ओळखतात. पुढे लोकांनी सर्वांत जास्त पाहिलेलं माझं रीलही मागच्या टाक्यांचं आणि त्या पट्टीचं होतं. घरात एकटी बसून मला हे सुचलं नसतं.

कामाची उमेद टिकवणं हा स्वतंत्र व्यवसायातला सर्वांत अवघड भाग. वर साहेब नाही, शेजारच्या टेबलावर सहकारी नाही. स्टॉलनंतर पाय सुजतात, घसा बसतो, पण दोन दिवसांनी सुई हातात घेताना कुणाचे तरी हात डोळ्यांसमोर असतात. इन्स्टाग्रामवर रात्री अकराला आकडा पाहिला आणि तो कमी असला की सकाळी सुई जड होते. आकडा जास्त असला तरी धोका आहे. एकदा निळी गोधडी खूप पाहिली गेली आणि सगळ्यांना निळीच हवी झाली. मी ओळीने अकरा निळ्या शिवल्या. बाराव्या वेळी कापड कापायला बसले आणि हात चालेना. तेव्हापासून एका रंगाच्या तीनच, हा नियम केला आहे.

स्टॉलचे चटके आहेतच. मला एकदा ठरलेली जागा बदलून स्वच्छतागृहाकडचा कोपरा दिला होता आणि तीन दिवसांत भाडंही निघालं नाही. घासाघीस होते. नमुन्याचे फोटो काढून नेणारेही येतात.

काही जणींनी मात्र सरळ इन्स्टाग्रामच धरावं. घरी तान्हं बाळ किंवा अंथरुणावरचं माणूस असेल, गाव शहरापासून लांब असेल, किंवा काम टेबलावर मांडण्यासारखं नसेल, जसं चित्रकार, अनुवादक, छायाचित्रकार. एरवी त्यांना पाहायला कुणी येणार नाही. बेंगळुरूची किंवा परदेशातल्या मराठी घरातल्या बारशाची ऑर्डरही इथूनच येते. पण एक बाब आधी समजून घ्या. आपल्या राज्यातच माल विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. माल राज्याबाहेर गेला की नियम बदलतो. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना तिथे २० लाखांपर्यंत सवलत आहे, पण अटी आहेत. आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे कर सल्लागाराला विचारूनच पार्सल पाठवा.

स्टॉल आणि इन्स्टाग्राम यांना जोडणारा दुवा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, आणि त्याकडे बहुतेक जणी दुर्लक्ष करतात. स्टॉलवर वही ठेवा आणि ज्यांना हवं त्यांचा नंबर लिहून घ्या. त्याहून महत्त्वाचं, तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करायला सांगा. एकच निरोप अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. माझ्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी या यादीतून येतात. त्या सगळ्यांनी गोधडी एकदा हातात धरलेली आहे.

पहिलं प्रदर्शन कोणतं? मुंबईचा काळा घोडा महोत्सव (१९९९ पासून) किंवा पुण्याची डिसेंबरमधली भीमथडी जत्रा अशा मोठ्या ठिकाणी पहिल्या वर्षी पिशवी घेऊन नुसतं फिरा. लोक कुठे थांबतात, काय उलटून बघतात, ते टिपा. बचत गटात असाल तर महालक्ष्मी सरस हे प्रदर्शन तुमच्यासाठीच आहे, गटातून चौकशी करा. नाहीतर जवळच्या महिला मंडळाचं, शाळेच्या हॉलमधलं एक दिवसाचं प्रदर्शन बघा आणि मैत्रिणीबरोबर अर्धं टेबल घ्या.

वीस हजार असतील तर मी अशी अर्ध्या टेबलाची दोन-तीन प्रदर्शनं करीन, त्यात १२,००० घालीन. ५,००० लहान वस्तूंच्या कापडाला. उरलेल्या ३,००० मध्ये स्टँड आणि दिवा येतो. जाहिरातीला पहिल्या वर्षी एक रुपयाही नको. दिवाळीच्या प्रदर्शनांची टेबलं बहुतेक ठिकाणी गणपतीच्या आधीच भरतात, तेव्हा फोन श्रावणातच करा.