चर्चच्या आवारातला रविवारचा भाजी स्टॉल (आणि देवळाचं खत): साडेतीन स्टार

आधीच सांगते, नाव-पत्ता देणार नाहीये. ठाण्यात घोडबंदर रोडला आतल्या बाजूला जुनं गावठाण आहे तिथलं छोटं चर्च, आणि तिथून चालत पाच मिनिटांवर विठ्ठलाचं देऊळ. तलावपाळीवरचं मोठं चर्च नाही आणि कोपिनेश्वर मंदिर पण नाही, उगाच तिकडे जाऊन विचारत बसू नका. ज्यांना माहितीये त्यांना कळेलच. नाव न देण्याचं कारण एवढंच की खाली थोडी कटकट पण केलीये, आणि ही सगळी माणसं स्वतःचा रविवार घालवून फुकट राबतात, त्यांच्या नावाने बोंब मारायची नाहीये मला.

तर प्रकार असा आहे. देवळाकडे फुलं भरपूर पण जमीन शून्य, प्रदक्षिणा घालायला जेमतेम जागा. चर्चकडे मागे विहिरीजवळ दोनेक गुंठे रिकामे पडलेले, गवत आणि फुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्या. आता देवळातल्या निर्माल्याचं खत होतं, ते चर्चच्या मागे जातं, तिथे आपल्या ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिश्चन) बायका माठ, मुळा, पालक, भेंडी, मांडवावर दुधी असं लावतात आणि रविवारी सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधली प्रार्थना) 8 ते 10 आवारात टेबल टाकून विकतात. संपलं तर संपलं. उरलं तर साडेदहाला एक काका स्कूटरवर घालून गुरुद्वाऱ्यात लंगरला नेऊन देतात.

मी गेले सात-आठ महिने जातेय, महिन्यातून दोन-तीनदा तरी.

भाजीबद्दल तक्रारच नाही. लाल माठाची जुडी 20 रुपये, मुळं धुतलेली नसतात, हातात घेतली की ओली माती बोटांना लागते आणि पानांवर दोन-चार भोकं असतात म्हणजे अळीने पण पसंत केलीये. घरी आणून लसूण-मिरचीत परतली तर पाणी लाल होतं पण भाजी चिवट नाही लागत. रेल्वेच्या रुळाकाठी नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक आपण सगळ्यांनी लोकलच्या खिडकीतून बघितलाय आणि तरी खाल्लाय, त्यामुळे कुणी डोळ्यांसमोर विहिरीच्या पाण्यावर वाढवतंय हेच मला खूप आहे. भेंडी मात्र कधीकधी जून असते, मोडून बघून घ्या. स्टॉलवरच्या आंटी काही बोलत नाहीत, उलट म्हणतात "मोडून बघ बाय, मोडली नाही तर माझ्या गाईला."

(गाय नाहीये त्यांच्याकडे. विचारलं मी.)

हे सुरू कसं झालं ते देवळाच्या काकांकडून ऐकण्यासारखं आहे. देवळात सावता माळ्यांची पुण्यतिथी करतात, आषाढ वद्य चतुर्दशीला. सावतोबा अरणचे, माढा तालुका, तिथून पंढरपूर काही फार लांब नाही पण ते म्हणे कधी गेलेच नाहीत, मळा सोडून जायचं कशाला, विठ्ठल इथेच आहे म्हणायचे. तर त्या दिवशी कीर्तनानंतर काकांच्या डोक्यात आलं की त्याच विठ्ठलाला वाहिलेला झेंडू आपण दुसऱ्या दिवशी काळ्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकतो. गणपतीत कृत्रिम तलावापाशी निर्माल्य वेगळं गोळा होतं ते ठाण्यात सगळ्यांना माहितीये, पण बाकी साडेअकरा महिन्यांचं काय? आणि चर्चमध्ये फादरनी लाउदातो सी वाचून दाखवलं होतं म्हणे, पोप फ्रान्सिसनी 2015 मध्ये काढलेलं पत्र, ही पृथ्वी आपल्या सगळ्यांचं मिळून एक घर आहे आणि तिची हाय आणि गरिबाची हाय वेगळी नाही अशा अर्थाचं. आंटी म्हणाल्या पत्र फार मोठं आहे, आम्हाला एवढंच कळलं की मागच्या खुर्च्या उचला.

आणि गंमत म्हणजे शेतीची पद्धत कुठली, तर श्री. अ. दाभोलकरांची, शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांचा "प्रयोग परिवार" उभा करणारे, गणिताचे प्राध्यापक होते ते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर 2002 पासून जी भाजी पिकवली ती पण त्यांच्याच पद्धतीने. झाडांना घालायला अमृतजल करतात: 10 लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस ढवळत ठेवायचं आणि मग दहापट पाणी घालून वापरायचं. हे दाभोलकर म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या नरेंद्र दाभोलकरांचे थोरले भाऊ. त्यांची पद्धत देवळाच्या खतावर चर्चच्या आवारात चालू आहे, मला हे फार आवडलं, कोणाला सांगू असं झालं.

आता खत. पाच किलोची पिशवी 100 रुपये, देवळाच्या ऑफिसात मिळते, चपला बाहेर काढून. मी पहिली पिशवी दिवाळीनंतर घेतली ती अगदीच वाईट निघाली. ओली, चिकट, उघडल्या उघडल्या आंबूस वास आणि दोन दिवसांत बाल्कनीत चिलटंच चिलटं, नवरा म्हणाला देवाला परत कर. चाळली तर त्यात हाराचा नायलॉन दोरा, वेणीची जरी, स्टेपलच्या पिना आणि अर्धी प्लास्टिकची कुंकवाची डबी. मी पिशवी घेऊन गेले तडक. काकांनी वाद घातला नाही, आत घेऊन गेले आणि ड्रमच दाखवले. म्हणाले नवरात्रात नऊ दिवसांत जेवढी फुलं येतात तेवढी एरवी दोन महिन्यांत येत नाहीत, निवडायला माणसं चार, सुका पाला संपला, नुसतं ओलं थरावर थर पडलं आणि आतून हवा मिळाली नाही की सडतं, खत होत नाही. पालापाचोळा हवा, वरखाली करायला हवं आणि दीड-दोन महिने धीर हवा. मग हे विकलं कशाला, असं मी विचारलं. त्यावर काका हसले आणि पिशवी बदलून दिली. हा एक स्टार मी कापलाय.

त्यानंतरच्या तीन पिशव्या मात्र एक नंबर. काळं, भुसभुशीत, मुठीत दाबलं की लाडू होतो आणि बोट लावलं की फुटतो, वास पहिल्या पावसाचा. माझी कढीपत्त्याची काडी दोन वर्षं नुसती उभी होती ती आता फुटलीये. सणांच्या लगेच नंतरचा लॉट घेऊ नका एवढंच, आणि तुम्ही देवळात हार नेत असाल तर सुती दोऱ्यातला न्या प्लीज, निवडणाऱ्या बायकांची बोटं बघितलीत मी.

उरलेला अर्धा स्टार कशासाठी ते जरा नीट लिहिते, कारण त्याच्यावरून माझं आणि आंटींचं थोडं झालं पण.

स्टॉलवर एक निळा क्रेट असतो. त्यावर पाटी, "जमेल तेवढं द्या." डबा शेजारी ठेवलेला, कोणी बघत नाही, हिशोब नाही. कल्पना अशी की चांगली भाजी फक्त टॉवरवाल्यांनीच का खायची. मला पहिल्या दिवशी भरून आलं होतं, फोटो पण काढला. नंतर लक्षात आलं की क्रेट 10 वाजता जवळजवळ तसाच्या तसा असतो, आणि त्यातून कोण घेतं तर एक आजोबा जे समोरच्या टू बीएचकेत राहतात.

मी आमच्याकडे येणाऱ्या मावशींना सांगितलं, जा की, जवळच आहे. त्या म्हणाल्या, "ताई, रविवारी सकाळी मला पाच घरं असतात, सगळ्यांकडे पोहे नाहीतर इडली नाहीतर पाहुणे. अकराशिवाय हात मोकळा होतो का माझा? आणि तिथं तुमच्या बिल्डिंगच्या सगळ्या उभ्या असणार, त्यांच्यासमोर मी दहा रुपये टाकून दोन जुड्या उचलू? त्यापेक्षा स्टेशनला रात्री वाटे लावतात ते बरे, तिथं मी भाव करते."

भाव करते! ह्या शब्दावर मी अडकले. आम्ही सगळ्यांनी मिळून तिची भाव करायची सोय काढून घेतली आणि वर तिने खूश व्हावं अशी अपेक्षा. उलट तीच उरलेली भाजी लंगरला जाते ना, तिथे कुणाला लाज वाटत नाही, कारण पंगतीत सगळे जमिनीवर शेजारी शेजारी, कोण फॉर्च्युनरमधून आलाय आणि कोण नाक्यावरून, वाढणाऱ्याला कळत पण नाही. "गरिबांसाठी" असा वेगळा क्रेट तिकडे नाहीच.

हे मी आंटींना बोलले तर त्या आधी चिडल्या, "आम्ही काय पाटीवर गरीब लिहिलंय काय?" नाही लिहिलं, पण तुम्ही टेबलाच्या खाली ठेवलाय, वाकून घ्यावं लागतं. हे त्यांना पटलं बहुतेक, पुढच्या रविवारी क्रेट टेबलावर होता. वेळेचं मात्र जमत नाही म्हणतात, संध्याकाळी आवारात टेबल लावायला माणसं नाहीत आणि भाजी सकाळीच तोडायची असते. खरं आहे ते पण. मी सुचवलं की बुधवारी संध्याकाळी वस्तीच्या तोंडाशी एकच टोपली घेऊन बसा, सगळ्यांना एकच भाव, स्टेशनपेक्षा पाच रुपये कमी, आणि घासाघीस करू दे. बघू म्हणाल्या. मी बसायला तयार आहे हे पण सांगून आले, आता तोंडघशी पडायची वेळ माझी.

जाणार असाल तर साडेआठच्या आत जा, पालेभाजी नऊला संपते. सुट्टे न्या, यूपीआयचा स्कॅनर आहे पण रेंज नाही. कापडी पिशवी नसेल तर आंटी भाजी वर्तमानपत्रात गुंडाळून देतात आणि सोबत बोलणी फुकट. मिस्सा चालू असताना गाडी गेटसमोर लावू नका. बाटली मसाला पण असतो घरगुती, तो या स्टॉलचा नाही, एका आंटीचा स्वतःचा, पण घ्याच.

आणि पावसाच्या तोंडावर येऊरच्या आदिवासी मावशी पण गेटपाशी बसतात, त्यांच्याकडून जागेचे पैसे घेत नाहीत. रानभाज्या घेऊन, जूनच्या सुरुवातीला शेवळं, मग टाकळा, कुर्डू, पुढे कंटोली. शेवळं घेतलीत तर आतला पिवळा भाग काढून टाका आणि काकडं (छोटी आंबट रानफळं) घातल्याशिवाय शिजवू नका, घशाला खाज सुटते. काकडं टोपलीत दिसत नाहीत, मावशींच्या पदराच्या गाठीत असतात, मागावी लागतात.