टोयोटा मिराई: गाडी उत्तम, इंधन परवडेना

नितीन गडकरी मार्च 2022 मध्ये जिच्यातून संसदेत गेले, ती हायड्रोजनपासून वीज बनवून धावणारी टोयोटा मिराई चालायला शांत आणि सफाईदार आहे. 700 बार दाबाच्या तीन टाक्यांत 5.6 किलो हायड्रोजन पाचेक मिनिटांत भरतो, आणि चालकाजवळचे बटण दाबले की वीज बनताना तयार होऊन साचलेले पाणी मागून बाहेर पडते. मात्र कॅलिफोर्नियात 2023 मध्ये किलोचा दर 36 डॉलरपर्यंत गेला, म्हणजे टाक्या भरायला 200 डॉलर, आणि पुढच्याच वर्षी शेल या तेल कंपनीने तिथले मोटारींचे हायड्रोजन पंप बंद केले. इतकी सुरेख गाडी इंधनाअभावी दारात उभी राहावी, याचे मनापासून वाईट वाटते. जुन्या पेट्रोल गाडीत बदल करून हायड्रोजन जाळण्याचा विचार तर सोडूनच द्यावा, कारण त्यात बरीचशी ऊर्जा उष्णतेत वाया जाते आणि टाक्या डिकी व्यापतात त्या वेगळ्याच.