उत्तर टेक्सासच्या तळ्यांकाठी ट्रेलर: ऑक्टोबर ते ऑगस्टचा अनुभव

उत्तर टेक्सासात तळ्याकाठी ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) लावून राहायचं असेल, तर कुठलं मॉडेल घ्यावं यावर डोकं शिणवण्याआधी दोन गोष्टी ठरवा: महिना कोणता आणि जागेवर सावली किती. गेल्या ऑक्टोबरपासून या ऑगस्टपर्यंत आमचा सेकंडहँड ट्रेलर रे रॉबर्ट्स आणि टेक्सोमा या दोन तळ्यांकाठी उभा राहिला. मुक्काम चांगला झाला की नाही, हे बहुतेक वेळा याच दोन गोष्टींनी ठरवलं. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत राहणारी बरीच मराठी कुटुंबं विकत घ्यावा की भाड्याने आणावा, या विचारात आहेत. त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

आधी प्रदेशाबद्दल. हा सगळा माळ आहे. डॅलसच्या आसपास काळ्या मातीचा आणि उंच गवताचा, तर पश्चिमेकडे ओकच्या झाडीचे रेताड पट्टे. मूळचं गवत बहुतेक नांगराखाली गेलं आणि त्यानंतर शहराखाली. तळीही धरणांचीच. टेक्सोमा हे रेड नदीवरच्या, १९४४ साली पूर्ण झालेल्या डेनिसन धरणाचं पाणी आणि रे रॉबर्ट्स ट्रिनिटी नदीच्या एल्म फोर्कवरचं, १९८०च्या दशकातलं. धरणाचं पाणी म्हटलं की पातळी वरखाली होणारच. २०१५च्या पावसात टेक्सोमाचं पाणी सांडव्यावरून वाहिलं होतं. म्हणून मे-जूनमध्ये अगदी काठावरची, फोटोत सुंदर दिसणारी जागा घेण्याआधी पार्कच्या सूचना वाचा. पाणी चढलं की सखल जागा आधी बंद होतात.

आमची सर्वांत आवडती जागा म्हणजे रे रॉबर्ट्सचा आईल डु बॉय हा भाग. रेताड जमीन, त्यामुळे पावसानंतर चिखल कमी, आणि ओकची खरी सावली. टेक्सोमावरचं आयझेनहॉवर स्टेट पार्क देखणं आहे. खडकाळ कड्यांवरून पाणी दिसतं. पण कड्यावर वारा जोराचा. दक्षिणेकडून येणारा हा वारा माळावर अडतच नाही. ट्रेलरच्या बाजूला उघडणारी कापडी छत्री (ऑनिंग) उघडी टाकून पाण्यावर जायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. पाच मिनिटांसाठी गेलो तरी छत्री गुंडाळायची.

आता वीज, कारण उन्हाळ्यात सगळा खेळ तिथेच आहे. आमचा ट्रेलर ३० अँपिअरचा. १२० व्होल्टला म्हणजे एकूण ३,६०० वॉट. एसी साधारण दीड हजार खातो, इंडक्शन पूर्ण जोरात अठराशे आणि गिझर विजेवर टाकला तर आणखी चौदाशे. एसी सुरू असताना इंडक्शनवर कुकर लावला की जेमतेम निभतं. त्यात गिझर सुरू राहिला तर ब्रेकर पडलाच म्हणून समजा. आम्ही गिझर कायम गॅसवर ठेवतो आणि मे ते सप्टेंबर सगळा स्वयंपाक बाहेरच्या टेबलावर करतो. फोडणी तर बारा महिने बाहेरच. इतक्या लहान जागेत मोहरी-मिरचीचा धूर झाला की धुराचा अलार्म लगेच बोंबलतो, आणि गाद्यांना बसलेला वास आठवडाभर जात नाही. जुलैच्या दुपारी सगळ्यांचे एसी एकदम चालतात तेव्हा जुन्या पार्कांत व्होल्टेजही पडतं. व्होल्टेज फार उतरलं की वीज आपोआप तोडणारं संरक्षक उपकरण आधी घ्या. सजावटीच्या वस्तू नंतर.

सावलीचा मुद्दा इथेच येतो. बाहेर ३८-४० अंश आणि ट्रेलर उन्हात असेल, तर एकट्या एसीला दुपार झेपत नाही. आत २८-२९च्या खाली काही येत नाही. तोच ट्रेलर ओकखाली असला की फरक स्पष्ट जाणवतो. गॅसवर आणि विजेवर चालणारा फ्रिज त्याहून नाजूक. त्याची बाहेरची जाळी पश्चिमेच्या उन्हात आली की दूध-दह्याचा भरवसा नाही. म्हणून जागा निवडताना नकाशावर उत्तर दिशा बघतो आणि फ्रिजची बाजू पश्चिमेला येणार नाही अशीच जागा घेतो. एवढं करूनही जुलै-ऑगस्टमध्ये लहान मुलं किंवा वडीलधारी मंडळी घेऊन जाऊ नका, असंच मी सांगेन. शिवाय त्या दिवसांत बऱ्याचदा काउंटीची (जिल्ह्याची) उघड्यावर जाळ करायला बंदी असते, मग शेकोटीही नाही.

आणि तरीही एप्रिल! आई-बाबा साताऱ्याहून आले होते, त्यांना तेव्हा नेलं. रस्त्याकडेला ब्लूबॉनेटच्या रानफुलांचे निळे पट्टे आणि तारेवर लांब कात्रीसारख्या शेपटीचा फ्लायकॅचर पक्षी. बाबांचा सगळा जन्म माणदेशाच्या माळावर गेला. एक दिवस डिकेटरजवळच्या लिंडन जॉन्सन नॅशनल ग्रासलँडला गेलो तेव्हा ते बराच वेळ गवतात चालत राहिले. ही वीस हजारांहून जास्त एकर जमीन. शेतीने तिचा कस गेला आणि धूप झाली, तेव्हा १९३०च्या दशकात सरकारने ती विकत घेऊन पुन्हा गवताखाली आणली. बाबांनी विचारलं, “इथं मेंढरं नाहीत का रे?” गुरं चरतात म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. तिथे ब्लॅक क्रीक नावाचं छोटं तळं आहे. वीज-पाण्याची जोडणी नाही, पण दिवसभरासाठी जरूर जा. हिवाळ्यात टेक्सोमावर पांढरे पेलिकन येतात, तेही आईला फार आवडले असते. पुढच्या खेपेला तिकिटं थंडीतली काढणार आहे.

वसंतातली दुसरी बाजूही सांगायलाच हवी. मार्च ते मे वादळं, गारा आणि टोर्नेडोचा काळ. ट्रेलर हा टोर्नेडोत आसरा नव्हे. पोचल्या पोचल्या पक्क्या भिंतींचं स्नानगृह किती अंतरावर आहे ते बघून ठेवा आणि बॅटरीवर चालणारा हवामानाचा रेडिओ उशाशी ठेवा. फोनला सगळीकडे रेंज नसते.

बारीकसारीक, पण उपयोगाचं: लाल मुंग्यांना विजेच्या पेट्या आवडतात, प्लग लावण्याआधी पेटी उघडून बघा. उंच गवतात चिगर (चावणारे बारीक किडे) असतात, मोजे पँटवर ओढून घ्या. स्टेट पार्कमध्ये काठावरून मासे धरायला लायसन्स लागत नाही, मुलांना गळ घेऊन द्या. कयाक एका तळ्यातून दुसऱ्यात नेताना पाणी पूर्ण काढून वाळवा. अशा पाण्यासोबत पसरणारे उपद्रवी झेब्रा शिंपले टेक्सासात पहिल्यांदा २००९ साली टेक्सोमातच सापडले आणि पाणी काढून टाकणं कायद्याने बंधनकारक आहे. मैल्याची टाकी रिकामी करायला रविवारी दुपारी रांग लागते, सकाळी लवकर उरकावं. ट्रेलरच्या टायरची नक्षी बघून फसू नका, वय बघा. टायरच्या बाजूला आठवडा आणि साल चार आकड्यांत छापलेलं असतं. पाच-सहा वर्षांपुढचा टायर या उन्हात महामार्गावर फुटू शकतो.

विकत की भाड्याने? वर्षातून दोन-तीनदाच जाणार असाल तर भाड्यानेच आणा. ट्रेलर उभा करायची जागा, विमा, टायर हे खर्च तो न हलवताही चालू राहतात. आम्ही ऑक्टोबर ते मे सतत जातो, म्हणून आम्हाला परवडतो. स्टेट पार्कचा वर्षाचा पास मात्र दोन्ही बाबतींत घ्या. गाडीतल्या सगळ्यांचा प्रवेश त्यात येतो.

बुकिंग पाच महिने आधी उघडतं आणि सावलीच्या जागा पहिल्या जातात. एप्रिलसाठी नोव्हेंबरातच बसायचं, शुक्रवार-शनिवार मिळाले नाहीत तर रविवार ते मंगळवार घ्यायचा. तेव्हा निम्मं पार्क रिकामं असतं.