ऑर्गॅनिक दुकानातली डाळ बिनधास्त घ्या, भाजीचं स्टिकर मात्र वाचून घ्या

लेकीला वरचं खाणं सुरू केलं तेव्हापासून म्हणजे दोनेक महिने झाले, कोथरूडमधल्या आमच्या घराजवळच्या ऑर्गॅनिक दुकानातून सामान आणतेय. नाव लिहीत नाही, कारण असं बऱ्याच दुकानांत चालतं.

आधी चांगलं सांगते. तूरडाळ आणि नाचणी मस्तच. दोन्ही पाकिटांवर जैविक भारतचा लोगो (सर्टिफाइड ऑर्गॅनिक मालावरचं सरकारी चिन्ह), सर्टिफिकेशन करणाऱ्या संस्थेचं नाव, सगळं आहे. डाळ बिनपॉलिशची, एक शिट्टी जास्त लागते पण वरणाला जो वास येतो ना, आजोळची आठवण आली. गूळ काळपट आहे, पिवळाधमक नाही, तो आम्हा मोठ्यांसाठी, त्यालाही पैकीच्या पैकी गुण.

गडबड भाजीत आहे. वर मोठा बोर्ड 'ऑर्गॅनिक भाजीपाला' आणि टोमॅटो, द्राक्षांच्या पाकिटावर बारीक अक्षरात 'रेसिड्यू फ्री'. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर म्हणे एकच ना ताई. अहो एकच नाही! रेसिड्यू फ्री म्हणजे औषध मारलेलं असू शकतं, फक्त फवारणी आणि तोडणीत पुरेसे दिवस सोडलेले असतात म्हणून तपासणीत अंश सापडत नाही किंवा ठरलेल्या मर्यादेच्या खाली असतो. ऑर्गॅनिकमध्ये रासायनिक खत आणि औषध दोन्ही चालत नाही, आणि जमीनसुद्धा आधी दोन-तीन वर्षं त्या पद्धतीने कसावी लागते. रेसिड्यू फ्री वाईट नाहीच, मी घेतेही, पण मग ऑर्गॅनिकचा भाव का लावायचा?

पालकावर तर नुसतं 'नॅचरल, फार्म फ्रेश', लोगो नाही, पीजीएसचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून दिलेला, शिक्कापण नाही. अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे, एफएसएसएआयचे, २०१७ चे नियम आहेत, ऑर्गॅनिक म्हणून विकायचं तर सर्टिफिकेट लागतं. स्वतः पिकवून थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला सूट आहे, पण हे दुकान काय शेतकरी नाही.

रविवारच्या आठवडे बाजारात एक काका बसतात, त्यांनी न विचारता सांगितलं, ताई टोमॅटोला दोनदा फवारलंय, मेथीला काहीच नाही. मला हे जास्त पटलं, लोगो नसला तरी.

सध्या धान्य दुकानातून, भाजी काकांकडून. दुकानाच्या मालकांना रेसिड्यू फ्रीचा वेगळा रॅक आणि वेगळा बोर्ड करा म्हणून सांगून आलेय, त्यांनी ऐकून घेतलं. केलं तर इथे येऊन स्टार वाढवीन, तोवर धान्याला पाच आणि भाजीला दोन.