दादरची मुक्तछंद कार्यशाळा: जा, वही घेऊन जा

मुक्तछंद, म्हणजे यमक-मात्रांचं बंधन नसलेली कविता, ही नुसतं गद्य लिहून मध्येच एंटर मारला की होते, असं ज्यांना वाटतं त्यांनी दादर वेस्टच्या रविवारच्या या कार्यशाळेला नक्की जावं. सुरुवातीला थोडा इतिहास झाला, कवी अनिलांनी मराठीत मुक्तछंद कसा रुजवला, मग नामदेव ढसाळांचा १९७२ चा कवितासंग्रह 'गोलपिठा' आणि त्यातली मुंबईची भाषा, पण शिकवणारे सर त्यात फार रमले नाहीत ते बरंच झालं, कारण खरी मजा पुढे होती.

एका मुलीने ओळ लिहिलेली, 'वसई लोकल सुटली तेव्हा आई अजून फलाटावरच उभी होती'. सरांनी तिला ती मोठ्याने वाचायला लावली, श्वास कुठे अडतो तिथे खूण करायला सांगितलं, मग 'तेव्हा' गेलं, 'उभी होती' गेलं, उरलं ते असं:

वसई लोकल सुटली
आई अजून
फलाटावरच

सगळा हॉल गप्प! यमक नाही, मात्रा मोजलेल्या नाहीत तरी लय आहे, कारण ओळ कुठे तोडायची ते कानाने ठरवलंय. मला तर हे शाळेतच कुणीतरी शिकवायला हवं होतं असं फार वाटलं.

तक्रार एकच, गर्दी जास्त आणि वेळ कमी, त्यामुळे मागे बसलेल्यांच्या कविता वाचायच्या राहूनच गेल्या, हे आयोजकांनी सुधारायलाच पाहिजे. फी परवडणारी आहे, चहा ठीकठाक. लवकर जाऊन पुढे बसा आणि स्वतःची एक अर्धवट कविता सोबत न्याच.