मोनोसेक्स चिलापीचं बीज: मासा झकास वाढला, पण मागच्या ओढ्याचं काय?

इंदापूर तालुक्यात माझं २० गुंठ्यांचं शेततळं आहे. होळीनंतर एका खासगी बीजकेंद्रातून गिफ्ट चिलापीची (चिलापीची निवडून सुधारलेली जात) ५,००० बोटुकली आणली, नगाला ४ रुपये. ‘सगळे नरच’ असा शब्द होता. केंद्राचं नाव लिहीत नाही, पण बीज घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं वाटतं.

आधी चांगलं सांगतो. पिशव्यांत ऑक्सिजन भरपूर होता, वाटेत मर जवळजवळ नाही. सहा महिन्यांत सरासरी वजन ४५० ग्रॅम भरलं आणि भिगवणच्या बाजारात माल हातोहात गेला. एवढी वाढ रोहूनेसुद्धा मला कधी दिली नव्हती.

नरच का हवेत, तर चिलापीची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते आणि दर महिना-दीड महिन्याला पुन्हा विते. तळं पिल्लांनी भरतं, खाद्य त्यांच्यात वाटलं जातं, मोठा मासा खुरटतो. माझ्याकडे चौथ्या महिन्यात काठाला पिल्लांचे घोळके दिसले. काढणीच्या दिवशी थोरलीने १०० मासे उलटे करून तपासले, ७ माद्या निघाल्या. ती उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकते. तिच्या मते ९३ नर हा वाईट निकाल नाही, पण मग ‘सगळे’ म्हणू नये.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. बीज आणायला गेलो तेव्हा मागच्या बाजूला खाद्य तयार करणं चाललं होतं. मिथाइल टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं संप्रेरक, अल्कोहोलमध्ये विरघळवून खाद्यावर फवारायचं आणि सावलीत वाळवायचं. साधारण किलोला ६० मिलिग्रॅम. पिल्लू नुकतं खायला लागलं की तीन-चार आठवडे हेच खाद्य. त्या वयात त्याची जननग्रंथी अजून ठरलेली नसते, म्हणून मादी व्हायची ती नर होते. मासा बाजारात येईपर्यंत त्याच्या अंगात हे औषध जवळपास उरत नाही, त्यामुळे खाणाऱ्याने घाबरू नये. मीही घरी खातो.

पण उरलेलं खाद्य, माशांची विष्ठा? पिल्लं वाढवायच्या त्या हाप्यांचं, म्हणजे जाळीच्या कप्प्यांचं, पाणी पाइपाने थेट ओढ्यात सोडलेलं मी पाहिलं. संप्रेरक गाळात कित्येक आठवडे टिकू शकतं. आणि थोरलीने सांगितलेली गोष्ट ऐकून मी गप्पच झालो: हेच नराचं संप्रेरक माशाच्या शरीरात मादीच्या संप्रेरकासारखं द्रव्यही बनू शकतं. प्रयोगांत असे नर मासे अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार करू लागले.

कॅनडात ऑन्टारिओमध्ये शास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे एका अख्ख्या तळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांतलं इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक, सोडलं. प्रमाण लिटरला ५-६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्जांश. तिथले बोटाएवढे फॅटहेड मिनो मासे जवळजवळ संपले. नरांत तेच बलकाचं प्रथिन, वृषणांची वाढ मागे पडलेली, काहींच्या वृषणांत अंडपेशी. औषध थांबवल्यावर काही वर्षांनी ते मासे परतले. तिथलं औषध वेगळं, तळंही वेगळं. पण इतक्याशा मात्रेने एवढं होतं, हे कळल्यावर तो पाइप माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या ओढ्यात लहानपणी पावसाळ्यात मरळ, वाम, मुऱ्या हाताने धरायचो. त्या पाण्यात औषध जावं, हे मला सोसत नाही.

बीजाच्या वाढीला पाचपैकी चार तारे. केंद्राच्या कामाला दोन.

बीज घ्यायला जाल तेव्हा हाप्यांचं पाणी कुठे जातं ते विचारा आणि पाइपाच्या टोकापर्यंत चालत जाऊन बघा. मी मालकांना फोन केला. पाणी थेट सोडण्याऐवजी साठवण खड्ड्यात काही आठवडे उन्हात ठेवा, गाळ ओढ्यात टाकू नका, असं थोरलीने सांगितलेलं त्यांना कळवलं. ‘बघतो’ म्हणाले. पुढच्या होळीला खड्डा खणलेला दिसला, तर पुन्हा ५,००० त्यांच्याकडूनच घेईन.