रसायनशास्त्राच्या मास्तरने गिळलेल्या दीडशे कॅप्सूल

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २२ वर्षं रसायनशास्त्र शिकवतो. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही, हे दर जूनला पोरांना ओरडून सांगणारा मीच. त्यामुळे हसायचं असेल तर हसून घ्या. घरी साडू अजून हसून राहिला आहे.

मानेवाड्याकडे एका गाळ्यात ‘वेलनेस सेंटर’ होतं. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: फुकट वजन-तपासणी, हातात धरायचं यंत्र, ‘तुमचं शरीराचं वय ६१’, मग भिंतीवरचे आधी-नंतरचे फोटो. माझं खरं वय ४९, वजन ९१, शुगर काठावर. १२ मार्चला नोंदणीचे १,१०० आणि ९० दिवसांच्या कोर्सचे १८,५०० असे १९,६०० रुपये भरले. पैसे फोनवरून गेले, तेही कंपनीच्या नव्हे, सेंटर चालवणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या खात्यात. बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान. ‘पक्कं बिल हवं तर जीएसटी लागेल सर.’ मी म्हटलं, राहू द्या. पहिला मूर्खपणा हा, आणि तो पुढे सगळ्यात महाग पडला.

तीन डबे, प्रत्येकी ६० कॅप्सूल, रोज दोन. लेबलवर गुळवेल, त्रिफळा, आलं. घरात कोरोनाच्या वर्षी गुळवेलीचा काढा बादलीने उकळला होता, त्यात घाबरायचं काय?

दुसरा डबा उघडताना लेबलचा कोपरा सुटलेला दिसला. अंगठ्याच्या नखाने सहज खरवडला, तर खाली आणखी एक लेबल. अर्धा इंच दिसलं. त्यावर ‘ग्रीन टी अर्क’ आणि ‘गार्सि’ एवढी अक्षरं. मला वाटलं, भाव वाढला असेल म्हणून वरून नवं स्टिकर डकवलं असेल. आणि मी, बाप्पा, तो कोपरा थुंकी लावून परत चिकटवला! हे आठवलं की रात्री झोप लागत नाही. प्रयोगशाळेत एखाद्या पोराने असली बाटली हातात धरली असती तर त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

एप्रिलच्या मध्यात खाज सुरू झाली. पुरळ नाही, चट्टा नाही. रात्री कूलरसमोर झोपलो की फक्त तळहात आणि तळपाय. मी उठून काथ्याच्या पायपुसण्यावर टाचा घासत उभा राहायचो, बायको म्हणायची, ‘अहो, बैलासारखं काय करून राहिले?’ लघवी गडद, चहासारखी. नागपूरचा उन्हाळा, पारा ४४ च्या वर. घरात सगळे म्हणाले उन्हाळी लागली, सब्जा प्या.

२७ एप्रिलला मी बाईंना विचारलं. त्या हसल्या. ‘काहून घाबरता सर? टॉक्सिन बाहेर पडून राहिले. लघवीचा रंग बदलला म्हणजे कोर्स लागू पडला.’ आणि कॅप्सूल रोजच्या चार करायला सांगितल्या. वर २,३५० रुपयांची ‘लिव्हर क्लीन्स’ बाटली गळ्यात मारली. लिव्हर जळत होतं, आणि ते धुवायचे पैसे मीच मोजून आलो. ‘टॉक्सिन म्हणजे नेमकं कोणतं संयुग?’ एवढा एक प्रश्न माझ्या तोंडून निघायला हवा होता. तो नाही निघाला. वजन साडेचार किलो उतरलं होतं ना, त्या आनंदात होतो. भूक मेली होती म्हणून वजन उतरत होतं, हे नंतर कळलं.

११ मेला डोळे पिवळे. धंतोलीत दाखवलं. काविळीचं माप म्हणजे बिलीरुबिन ९.४, यकृताचं एन्झाइम एसजीपीटी १,१८६. ही एसजीपीटी साधारण ४० च्या आत असायला हवी. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह, सोनोग्राफीत खडा नाही. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, ‘बाहेरचं काही औषध घेता का?’ दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. खोटं बोललो नाही. ते औषध आहे असं माझ्या डोक्यातच नव्हतं. तिकडे आईने गावाकडून काविळीचं झाडपाल्याचं औषध आणायला माणूसही धाडला होता. तिसऱ्या दिवशी बायकोने भाजीच्या पिशवीतून डबे आणून डॉक्टरांच्या टेबलावर ओतले. ते काही बोलले नाहीत. वरचं लेबल सोललं, खालचं वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यापेक्षा शिवी परवडली असती.

म्हणून डॉक्टरने विचारलं की चूर्ण, काढा, पावडर, जिमचा शेक, सगळं सांगा. डबा सोबत न्या.

खालच्या लेबलवर ग्रीन टीचा तीव्र अर्क, गार्सिनिया (वजन उतरवायला विकतात तो फळाचा अर्क) आणि अश्वगंधा. कपातला ग्रीन टी वेगळा, हा वेगळा. त्यातलं ईजीसीजी हे ग्रीन टीमधलं रसायन पूरक म्हणून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त पोटात गेलं तर यकृताची एन्झाइम्स वाढतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगून ठेवलं आहे. मी उरलेल्या ३० पैकी २० कॅप्सूल खासगी प्रयोगशाळेत दिल्या, ९,४४० रुपये भरून. एका कॅप्सूलमध्ये २३५ मिलिग्रॅम निघालं. चार कॅप्सूल, गुणाकार तुम्हीच करा. काहींना याहून कमी मात्राही बाधते. एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार असलेल्यांना धोका जास्त असतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे. ‘मला तर काही झालं नाही’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याच्या भरवशावर राहू नका.

आणि गुळवेलीचंही ऐका. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांचं यकृत बिघडल्याचा अहवाल छापला, आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वनस्पतीच चुकीची ओळखली म्हणाले. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधून असेच ४३ रुग्ण नोंदले गेले. वैद्यकीत पारंगत वैद्यावर माझा राग नाही. तो नाडी बघतो, नाव-पत्ता लिहितो, फोन उचलतो.

सात दिवस भरती. दवाखाना ८३,६२०, तपासण्या ११,२७०, कोर्स आणि ती क्लीन्स मिळून २१,९५०, प्रयोगशाळा ९,४४०. एकूण १,२६,२८० रुपये. विम्यावाले म्हणाले, स्वतःहून घेतलेल्या पदार्थाचा परिणाम, दावा बसत नाही.

आता तक्रारीची कथा. डब्यावर बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ आणि १४ आकडी अन्न परवाना क्रमांक. गाळ्याच्या भिंतीवर मात्र ‘मधुमेह, थायरॉईड, लठ्ठपणा मुळापासून’. १९५४ च्या जादुई उपचारांविरुद्धच्या कायद्यात मधुमेह आणि लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करायलाच बंदी आहे. म्हणजे केस सरळ, असं मला वाटलं. अन्न-औषधाच्या सरकारी कार्यालयात गेलो. अन्नाच्या टेबलावर साहेब म्हणाले, ‘रोग बरा करतो म्हणतात ना? मग हे औषध, पलीकडे जा.’ पलीकडचे म्हणाले, ‘परवाना अन्नाचा आहे, अलीकडे जा.’ दोन टेबलांत बारा पावलं, मी मोजली. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्यांदा साहेब बैठकीला, पाचव्यांदा अर्ज सापडेना. तो परवाना क्रमांक मी घरी सरकारी साइटवर टाकला तर दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा लोणचेवाल्याचा निघाला! घेण्याआधी टाकला असता तर एका मिनिटाचं काम होतं. हा कागद घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, ‘मग तुम्ही त्या राज्यात तक्रार करा.’ पोलिसांनी विचारलं, ‘कॅप्सूल जबरदस्तीने दिल्या का? बिल कुठे आहे?’ वहीचं पान दाखवलं. हवालदाराने ते उलटून मागची बाजू पाहिली. तिथे किराण्याची यादी होती.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा, तक्रारीचा नंबर तरी मिळतो. औषधाचा वाईट परिणाम नोंदवायला १८००-१८०-३०२४ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या अर्ज जातो. मी तिथे गेलो आहे, फोनवरच्या पैशांच्या नोंदी लावून. चॅट पुसू नका. मी रागाच्या भरात अर्धे पुसले.

एक गोष्ट सांगायची टाळत होतो. साडूला त्या गाळ्यात मीच नेलं होतं. त्याच्या पॅकेजवर मला १,८५० रुपये कमिशन मिळालं, आणि ते मी घेतलं. त्याची एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, साफ आली, देवाची कृपा. पैसे परत केले तर म्हणाला, ‘राहू द्या भाऊजी, सब्जा घ्या त्याचा.’

गाळ्याला आता मोबाईल रिपेअरिंगची पाटी आहे. माझी एसजीपीटी ऑगस्टमध्ये ५२ वर आली. दहा कॅप्सूल आणि दोन्ही लेबलं पाकिटात बंद करून कपाटात ठेवली आहेत. परवा त्या कार्यालयातून फोन आला, नमुना जमा करा. मी म्हटलं, शिक्क्याची पोच देता का? ते म्हणाले, पोच नंतर. मग नमुनाही नंतर.